दाराला दात नाहीत, तरी चावतं

आमच्या मावशीबद्दल सध्या असं बोललं जातंय की तिने व्हिडिओ काढून आपल्या साहेबाला शिव्या घातल्या, आणि साहेबाने तिला त्याच दिवशी नोकरीवरून हाकललं. खालच्या मजल्यावरच्या काकू ही बातमी सांगताना 'हाकललं' या शब्दाआधी श्वास घेतात, भुवया केसांपर्यंत नेतात आणि मग हात असा झटकतात, की हाकलणारा साहेब जणू त्याच आहेत. मी त्यांची नक्कल केली की आई हसता हसता म्हणते, "पुरे गं, खाली ऐकू जाईल."

आता खरं काय ते ऐका. शिव्या नव्हत्या. व्हिडिओ नव्हता, नुसता आवाज होता, आणि तो आवाज मावशीचा नव्हता. तिला कोणी हाकललेलंही नाही. मी हे लिहितेय तेव्हा ती दारात बसून बूट घालतेय आणि दुसरा मोजा सापडत नाही म्हणून आख्ख्या घराला फैलावर घेतेय.

मावशी लिफ्ट दुरुस्त करते. एका कंपनीत एकोणीस वर्षं तंत्रज्ञ आहे. लोकांना वाटतं, लिफ्टवाली म्हणजे मजेत वर-खाली करत असेल. अहो, लिफ्ट चालू असती तर तिला बोलावलं कशाला असतं? लिफ्ट बंद, आणि यंत्राची खोली गच्चीवर. म्हणजे खांद्यावर हत्यारांची पिशवी आणि पायाखाली जिने. एकोणीस वर्षांच्या जिन्यांनी तिचा उजवा गुडघा असा केलाय की ती घरात चालायला लागली की आम्हाला न बघता कळतं, कोण येतंय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, चढणं बंद करा. ती म्हणाली, "मग लिफ्टला खाली बोलावू का?"

पण यंदा खरंच मार्ग निघाला होता. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नव्या लोकांना काम शिकवायला एक प्रशिक्षक हवा होता. वर्कशॉप तळमजल्यावर. खुर्ची, फळा आणि एकही पायरी नाही. अर्ज दोघांचेच होते, मावशीचा आणि तिच्याहून सात वर्षं नव्या एका माणसाचा. निकाल सोमवारी लागणार होता. गेला महिनाभर आमच्या घरात 'सोमवार' हा शब्द परीक्षेच्या निकालासारखा उच्चारला जात होता.

आता मावशीच्या बोलण्याबद्दल. ती मोटारशी, शेजाऱ्यांशी आणि डॉक्टरांशी एकाच आवाजात बोलते. आधी घसा खाकरते, मग पहिला शब्द जरा जास्त जोरात टाकते आणि वाक्याचा शेवट असा तोडते की पुढच्याला 'हो' म्हणायलाही फट राहू नये. ऑनलाइनही ती तशीच लिहिते. कोणीतरी नव्या दुकानातल्या आरशांच्या लिफ्टचा फोटो टाकून 'किती सुंदर!' लिहिलं होतं. खाली मावशी: "आरसे पुसता तसा पंखाही पुसा. आत गुदमरायला होतं." तिच्या प्रोफाइलमध्ये मीच लिहून दिलं होतं, 'येथील मते माझी स्वतःची आहेत.' तेव्हा ती म्हणाली होती, "आणि कोणाची असणार? भाड्याने आणू?"

तर झालं असं. कंपनीने आपल्या पानावर एक फोटो टाकला. निवृत्त लोक राहतात अशी एक सहा मजली इमारत आहे, तिथल्या लिफ्टचा. वर मजकूर: 'चोवीस तासांत काम फत्ते! आनंदी ग्राहक हीच आमची पावती!' शेवटी टाळ्यांची तीन चिन्हं. हे काम मावशीनेच केलं होतं. लिफ्ट मधेच बंद पडायची, तिने आतला बोर्ड बदलला आणि ती चालू झाली. पण दाराचा सेन्सर गेला होता. सेन्सर म्हणजे दाराच्या कडेची ती पट्टी, कोणी मध्ये आलं की दार परत उघडवणारी. मावशीने तात्पुरता इलाज म्हणून दार हळू करून ठेवलं. तपासणीचं एक कार्ड यंत्राच्या खोलीत टांगलेलं असतं, त्यावर लाल पेनाने लिहिलं, सेन्सर मागवा. पुढच्या फेरीला परत लिहिलं. त्याच्या पुढच्या फेरीला परत. कार्ड टांगलेलंच राहिलं. वर चढून ते वाचणार कोण? मावशीच.

टाळ्यांची तीन चिन्हं बघून तिचं डोकं फिरलं. चहाचा कप हातात तसाच ठेवून तिने एका अंगठ्याने लिहिलं:

"काम फत्ते कसलं? बोर्ड बदलला, दार तसंच आहे.
मध्ये माणूस आला तरी ते थांबत नाही.
तीनदा लिहून दिलंय, सेन्सर मागवा.
दाराला दात नाहीत, तरी चावतं."

आता माझा गुन्हा. ती शेवटची ओळ मला इतकी आवडली की राहवेना. मी खोलीत जाऊन चारही ओळी मावशीच्या आवाजात म्हटल्या, खाकरण्यासकट. त्यातल्या पहिल्या तीन लांबतायत असं वाटलं, म्हणून कापल्या. उरलेल्या ओळीपुढे लिफ्टची 'टिंग' केली आणि ते सहा सेकंदांचं रेकॉर्डिंग आमच्या मावस-मामे भावंडांच्या ग्रुपवर टाकलं. ग्रुपमध्ये आम्ही पाच जण.

संध्याकाळी खालच्या काकू वर आल्या आणि तेच रेकॉर्डिंग त्यांनी आम्हालाच ऐकवलं. "तुमच्या ताईंचा आवाज ना हा? मी लगेच ओळखला!"

दोन दिवसांत ते वाक्य सगळीकडे. कोणी लिफ्टला सुळे काढून चित्र केलं. वाण्याने आपल्या शटरबद्दल म्हटलं. आमच्या वर्गात फाटकावरच्या रखवालदाराबद्दल म्हटलं गेलं. एका बाईंनी सासूबद्दल लिहिलं, त्याला नऊशे लाइक. कोणती लिफ्ट, कुठली इमारत, कसला सेन्सर, हे एका माणसाने विचारलं नाही. एकानेही नाही.

गुरुवारी मावशीला ऑफिसमधून बोलावणं आलं: सोशल मीडियावरील वर्तनाबाबत चर्चा. मग मला कबूल करावंच लागलं. जेवता जेवता मी सगळं सांगितलं, ताटात बघून. आईच्या कपाळावर आठ्यांचं जाळं. "तिची बढती आहे सोमवारी! कळतं का तुला काही?"

मावशीने मात्र फोन मागवला आणि ते सहा सेकंद तीनदा ऐकले.

"माझा आवाज एवढा घोगरा आहे?"

"थोडासा."

"बरं. आणि बाकीच्या तीन ओळी कुठे गेल्या?"

"त्या... लांबत होत्या."

"लांबत होत्या," ती म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "कामाचं ते सगळं लांबतं. चटणी तेवढी पुरते लोकांना. उद्या तू माझ्याबरोबर येतेस, रेडिओ."

रेडिओ म्हणजे मी.

ऑफिसात समोर दोघं होते. एक मावशीचे साहेब, ज्यांना मी मनात 'तत्त्वतः साहेब' म्हणते, कारण त्यांचं कुठलंही वाक्य त्या शब्दाशिवाय सुरूच होत नाही. आणि शेजारी कंपनीच्या वतीने ऑनलाइन उत्तरं लिहिणाऱ्या बाई. ग्राहकाने काहीही लिहावं, यांचं उत्तर 'आम्ही दिलगीर आहोत' इथूनच निघतं. म्हणून दिलगीर बाई. त्या बोलतातही तशाच, मान एका बाजूला कलती करून, जणू समोरच्याच्या घरी काहीतरी वाईट झालंय.

"तत्त्वतः," साहेब म्हणाले, "आम्ही मतांच्या विरोधात नाही. पण तुम्ही हा ऑडिओ काढायला नको होता, मॅडम."

"मी नाही काढला. हिने काढला."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. शाळेचा गणवेश, तेल लावलेल्या वेण्या. "ही?" साहेब म्हणाले. "तत्त्वतः हे कसं शक्य आहे?"

मी खाकरले आणि म्हटलं. दिलगीर बाईंनी दचकून मावशीच्या तोंडाकडे पाहिलं, ते बंद होतं. साहेबांना हसू आवरेना. मी इथे थांबायला हवं होतं, पण मला जरा चेव आला. "तत्त्वतः शक्य आहे, सर," मी म्हटलं, आणि ते त्यांच्याच आवाजात बाहेर पडलं.

साहेबांचं हसू जागच्या जागी विरलं. मावशीने टेबलाखालून माझ्या पायावर बूट ठेवला, आणि तो बूट जड आहे.

"ठीक. ऑडिओचा विषय संपला," साहेब म्हणाले. "पण कॉमेंट तर तुमचीच ना? तुमच्या फोटोत शर्टावर कंपनीचं नाव दिसतंय. म्हणजे ते मत कंपनीचं झालं."

"मग काय शर्ट काढून फोटो काढू?"

"ताई, ताई," दिलगीर बाई मध्ये पडल्या, "तुम्ही अगदी तुमच्यासारखंच बोला. आम्हाला ते हवंच आहे. फक्त जरा प्रोफेशनली."

"म्हणजे कसं?"

बाईंकडे कागद तयार होता. ती कॉमेंट काढून त्या जागी हे टाकायचं, रविवार संध्याकाळपर्यंत: 'या प्रकल्पाचा एक भाग असल्याचा मला अभिमान वाटतो. दाराच्या प्रतिसादक्षमतेत अधिक सुधारणेस वाव असून, त्या दिशेने सकारात्मक पावले उचलली जात आहेत.'

मावशीने ते दोनदा वाचलं. "पावलं कोण उचलतंय? दार?"

"ताई, ही एक पद्धत असते लिहायची."

"सेन्सर कधी येणार?"

"त्याची प्रक्रिया सुरू आहे."

"मागवला का?"

बाईंनी साहेबांकडे बघितलं, साहेबांनी पंख्याकडे. "तत्त्वतः," ते म्हणाले, "सोमवारी तुमचा निर्णय आहे, मॅडम. शिकवणाऱ्या माणसाची भाषा कशी असावी, हेही बघितलं जातं. मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय."

 घरी आल्यावर जिना चढताना मावशी प्रत्येक पायरीला काहीतरी पुटपुटत होती. पाचव्या पायरीला "अभिमान". नवव्या पायरीला "वाव".

आई कळवळून म्हणाली, "अगं ताई, टाक ना ते त्यांचं. दोन वाक्यांनी तुझं काय झिजतंय? गुडघा तरी वाचेल."

आणि मावशीने खरंच टाकायला घेतलं. हे मला सांगायलाच हवं, कारण लोक तिला हट्टी समजतात. टेबलाशी बसून तिने ते सगळं टाइप केलं, 'प्रतिसादक्षमता' तीनदा चुकून. अंगठा बटणाच्या वर नेला. तो तिथेच तरंगत राहिला. मग फोन उपडा ठेवून म्हणाली, "उद्या टाकते. उद्या सकाळी तिथलीच फेरी आहे. एकदा जाऊन येते."

शनिवारी दुपारी ती परत आली ती चेहरा लाल करून. पिशवी कोपऱ्यात आदळली.

झालं होतं असं. सहाव्या मजल्यावर एक आजोबा राहतात, हातात काठी. मावशी तिथे पोचली तेव्हा ते लिफ्टजवळच उभे होते. तिला बघून खूश. "अहो, या या! तुमचं ते वाक्य ऐकलं बरं का! मुलीने पाठवलं मला. दात नाहीत, तरी चावतं! वा! पोट धरून हसलो." आणि हसत हसत, मिटत आलेल्या दारात त्यांनी आपली काठी घातली. दार परत उघडेल या भरवशावर.

दार कसलं उघडतंय. काठी पकडून ते मिटत राहिलं आणि आजोबा काठीबरोबर पुढे ओढले गेले. मावशीने एका हाताने त्यांना मागे खेचलं आणि दुसऱ्या हाताने दार रेटून धरलं. काठीला खोक पडली, आजोबांना काही झालं नाही.

"अहो, हेच ते दार!" मावशी म्हणाली.

"हे?" आजोबा काठीकडे बघत म्हणाले. "हे होय? मला वाटलं, असेल कुठलं तरी."

हे सांगताना मावशीने आजोबांचा आवाज काढला. तिला नकला बिलकूल जमत नाहीत. मी हसले नाही.

"कळलं का?" ती म्हणाली. "त्या बाईचं लिहिलेलं कोणाला समजणार नाही. आणि माझं समजलं सगळ्यांना, पण ऐकलं कोणी नाही. हसले आणि काठी घातली आत. मग मी लिहू तरी कसं? सांग ना! तुला सगळ्यांचे आवाज येतात, यातला कुठला काढू?"

मी फोन तिच्याकडे सरकवला.

ती परत टेबलाशी बसली. आधी साहेबांचं ते सगळं पुसलं. मग आपली जुनी कॉमेंट काढली, दातांसकट. मला हळहळ वाटली, इतकं छान वाक्य! मग एकेक शब्द दाबत तिने लिहिलं: इमारतीचं नाव. मग, 'या लिफ्टचं दार मध्ये माणूस किंवा काठी आली तरी थांबत नाही. नवा सेन्सर बसेपर्यंत एकट्याने चढू नका. बाहेरचं बटण कोणीतरी दाबून धरा, मगच आत जा. मी ही लिफ्ट तपासते.' खाली स्वतःचं पूर्ण नाव.

"बस?" मी म्हटलं.

"बस."

"मावशी, यात काहीच नाही. ना तिखट, ना गोड. औषधाच्या बाटलीवरचं वाटतं. हे कोण वाचणार? आणि साहेबांना हेही झोंबणारच. म्हणजे सोमवारही गेला आणि सेन्सरही नाही."

"सेन्सर येतो."

"नाही येत."

"आठ दिवसांत."

"लाव पैज! आठ दिवसांत सेन्सर आला, तर मी महिनाभर सकाळी सहाला उठून तुझा चहा करीन. नाही आला, तर परीक्षेच्या दिवसांतही माझा फोन माझ्याकडे."

आई म्हणाली, "मी साक्षीला आहे." मावशीने बटण दाबलं.

लाइक आले चार. त्यातला एक आईचा आणि एक माझा, तोही चुकून. मी मनात फोन ठेवायची जागासुद्धा ठरवून टाकली.

सोमवारी निकाल लागला. प्रशिक्षकाची जागा त्या दुसऱ्या माणसाला मिळाली. त्याने आजवर कंपनीच्या प्रत्येक पोस्टखाली 'अभिनंदन' लिहिलंय, बाकी एक अक्षर नाही. मावशीला एक पत्र मिळालं, समज देण्याचं. शिवाय साहेबांनी तोंडी सांगितलं, "तत्त्वतः तुम्हीच योग्य होतात, मॅडम." घरी येऊन तिने ते पत्र भिंतीवर फेकून मारलं, पण कागदाला वजन नसतं, ते दोन फुटांवर तरंगत खाली पडलं. त्यामुळे ती आणखीच चिडली. "ओरडलं तर म्हणे भाषा नाही. ओरडलं नाही तरी म्हणे भाषा नाही. यांना नक्की हवंय काय? मुकी माणसं हवीत शिकवायला?" आई गरम पाण्याची पिशवी घेऊन आली, ती तिने घेतली नाही. मग घेतली.

तिकडे सहाव्या मजल्यावरच्या आजोबांनी मावशीचा मजकूर मोठ्या अक्षरांत छापून घेतला आणि प्रत्येक मजल्यावर लिफ्टशेजारी चिकटवला. त्या इमारतीत आता लिफ्टने जाणं म्हणजे मोहीम झाली. एक जण बटण धरणार, एक जण चढणार, मग बटण धरणाऱ्यासाठी आणखी कोणी बोलवायचं. म्हातारी माणसं तळमजल्यावर घोळक्याने उभी. भेटायला आलेला प्रत्येक जण कागद वाचणार आणि इमारतीच्या व्यवस्थापकाला विचारणार, हे काय आहे? व्यवस्थापक दिवसातून चारदा कंपनीत फोन करणार. दिलगीर बाई चारदा दिलगीर.

सहाव्या दिवशी सेन्सर आला. बसवायला अर्थातच मावशी, आणि काम संपेपर्यंत लिफ्ट बंद. जाताना म्हणाली, "सहा मजले गं, सहा!" आणि गेली. संध्याकाळी कंपनीच्या पानावर फोटो: 'सुरक्षितता प्रथम! आमची तत्पर सेवा!' फोटोत नवी पट्टी आणि ती घट्ट करणारे दोन हात. फक्त हात. मी खाली झणझणीत काहीतरी लिहायला घेतलं, तर मावशीने फोन काढून घेतला. म्हणाली, "दार थांबतंय ना? मग राहू दे." आणि पुढचा अर्धा तास स्वतःच त्या फोटोला बोलत राहिली.

पैज मी हरले. आज बारावा दिवस. रोज सहाला उठते, डोळे मिटूनच पातेलं ठेवते, आणि मावशी टेबलाशी बसून पहिला घोट घेते. पाणचट, उकळला नाही, साखर घातली की विसरलीस, असं काय काय मी रोज ऐकते. 'बरा झालाय' असं अजून एकदाही तिच्या तोंडून आलेलं नाही.